मराठी आणि कानडी : बहिणी की शेजारणी?

(सामुदायिक रेडिओवर बचत गटांच्या कार्यक्रमात झालेलं बोलणं, छापण्यासाठी थोडं आवरून)

स्वयंपाक आवरून, जनावरांचं बघून बसला असाल, तर आज जरा वेगळ्या विषयावर बोलू. दरवेळी आपण कर्ज, शेळीपालन, रक्तातलं लोह यांवर बोलतो. आज भाषेबद्दल बोलायचं आहे. हा विषय सुचला तो मात्र कर्जाच्या हप्त्यावरूनच.

आमच्या गटात एक सून आहे. तिचं माहेर चिकोडी तालुक्यातलं आणि घरात बोलणं सगळं कानडी. लग्न होऊन ती कृष्णेच्या अलीकडे, शिरोळ तालुक्यात आली. गटात आली तेव्हा सुरुवातीला मोकळी बोलायची. पण बोलताना म्हणायची, “भाकरी झालं”, “गाडी आलं”, “म्हैस दूध देतंय”. आम्ही सगळ्या हसायचो. त्यात मीही होते. वाईट मनाने नव्हे, पण हसायचो. हळूहळू तिचं बोलणं बंद झालं. कुणी म्हणालं लाजाळू आहे, कुणी म्हणालं शिष्ट आहे.

पुढे तिने गटातून कर्ज घेतलं. ठराव वाचून दाखवला, तिने मान हलवली, सही केली. पहिला हप्ता लगेच पुढच्या महिन्यापासून होता. तिला वाटलं, ऊस गेल्यावर भरायचा. तीन हप्ते थकले, दंड बसला, घरात बोलणी खावी लागली. बैठकीत आम्ही तिला म्हणालो, “अगं, कळलं नव्हतं तर विचारायचं नाही का?” ती खाली बघून म्हणाली, “विचारलं असतं तर तुम्ही हसला असता.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. आम्ही तिच्या ज्या बोलण्याला हसलो, ती खरंच चूक होती का? ती तसं का बोलत होती? शाळेत शिकवत असताना थोडं वाचलं होतं, ते पुन्हा काढून वाचलं. जे हाती लागलं ते आज तुमच्यासमोर मांडते.

पहिला प्रश्न असा, की मराठी आणि कानडी या बहिणी आहेत का? आपल्याकडे बऱ्याच जणींना वाटतं की असणार. सारखे शब्द आहेत, सारखे सण आहेत, बोलण्याची ढबही सारखी. पण भाषांचं नातं तपासायची एक साधी रीत आहे. उसने घेतलेले शब्द बाजूला ठेवायचे आणि घरातले अगदी जुने शब्द बघायचे. आकडे, हात-पाय-नाक-डोळे, पाणी, दूध, येणं-जाणं. शेजारणीकडून आपण विरजण आणतो, परात आणतो, पण नाक काही शेजारणीकडून आणत नाही. तसंच हे आहे.

चला, आकडे मोजू. मराठीत एक, दोन, तीन, चार, पाच. हिंदीत एक, दो, तीन, चार, पाँच. गुजरातीत एक, बे, त्रण, चार, पाँच. दूर इराणातल्या फारसीत यक, दो, से, चहार, पंज. इंग्रजीतसुद्धा टू, थ्री. ऐकलं की कळतं, ही एकाच घरची माणसं आहेत. काही जवळची आहेत, काही लांबची.

आता कानडीत मोजू. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु. मराठीशी काही जुळतं का? नाही. मग तेलुगूत बघू. ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, ऐदु. तमिळमध्ये ओन्रु, इरंडु, मून्रु, नान्गु, ऐंदु. इथे मात्र जुळलं. म्हणजे कानडीच्या सख्ख्या बहिणी तमिळ, तेलुगू, मल्याळम, तुळू या आहेत. मराठीच्या बहिणी हिंदी, गुजराती, कोकणी, बंगाली.

नुसतं सारखं वाटून भागत नाही, बदल नियमाने झालेला दिसावा लागतो. तमिळमध्ये दहाला पत्तु म्हणतात, कानडीत हत्तु. दुधाला तमिळमध्ये पाल, कानडीत हालु. दाताला तमिळमध्ये पल्, कानडीत हल्लु. बघा, जिथे तिकडे ‘प’ आहे तिथे इकडे ‘ह’ झाला आहे. एका शब्दात नाही, ओळीने झाला आहे. मराठी-हिंदीतही असंच सापडतं. हिंदीत बीस, आपल्यात वीस. हिंदीत बिच्छू, आपल्यात विंचू. हिंदीत बिजली, आपल्यात वीज. ‘ब’च्या जागी ‘व’. रक्ताच्या नात्याची खूण ती ही.

कानडी-तमिळ-तेलुगूच्या या कुळाला द्राविडी भाषाकुल म्हणतात. रॉबर्ट कॉल्डवेल नावाच्या धर्मोपदेशकाने १८५६ साली या भाषांचं तुलनात्मक व्याकरण छापलं आणि हे कूळ वेगळं आहे हे सविस्तर मांडलं. आणि द्राविडी म्हणजे फक्त दक्षिण, असंही नाही. आपल्याच महाराष्ट्रात गडचिरोली-चंद्रपूरकडे गोंडी बोलतात, यवतमाळकडे कोलामी बोलतात, त्याही याच कुळातल्या. पार बलुचिस्तानात ब्राहुई म्हणून भाषा आहे, तीही यातलीच. आपली मराठी मात्र संस्कृत, प्राकृत, महाराष्ट्री प्राकृत अशा वाटेने आलेली आहे. ते कूळ वेगळं.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं, की मराठी आणि कानडी बहिणी नाहीत. दोघींची माहेरं वेगळी.

मग दुसरा प्रश्न येतो. माहेरं वेगळी, तर इतकं सारखं कसं? उत्तर सोपं आहे. शेकडो वर्षं भिंतीला भिंत लागून राहिल्या की शेजारणींचं होतं तेच यांचं झालं. आधी वाटी-वाटी देवाणघेवाण झाली, मग एकमेकींचा हात बघून स्वयंपाकच सारखा होत गेला.

देवाणघेवाणीचे शब्द बघू. आपण थोरल्या भावाला अण्णा म्हणतो, थोरल्या बहिणीला अक्का म्हणतो, वडिलधाऱ्यांना अप्पा म्हणतो. कानडीत अण्ण म्हणजे थोरला भाऊ, अक्क म्हणजे थोरली बहीण, अप्प म्हणजे बाप. शिरोळ-हातकणंगल्याच्या गावांत आण्णाप्पा, तम्माण्णा ही नावं घरोघर आहेत. त्यातला तम्म म्हणजे धाकटा भाऊ. हिंदीवाले ज्याला घी म्हणतात त्याला आपण तूप म्हणतो, आणि कानडीत तुप्प म्हणतात. हिंदीवाल्यांचा सरौता, आपला अडकित्ता. कानडीत सुपारीला अडिके किंवा अडके म्हणतात, त्यावरून सुपारी कातरायचं ते अडकोत्तु. आपल्या सासूच्या पानाच्या डब्यात कानडी शब्द बसलेला आहे आणि आपल्याला पत्ता नाही.

एक गंमत आणखी सांगते. लहानपणी विटीदांडू खेळायचो तेव्हा कसं मोजायचो? वकट, लेंड, मुंड, नाल. पुढचे शब्द गावागणिक बदलतात. आता मघाचे तेलुगू आकडे आठवा. ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. मराठी पोरं धुरळ्यात उभी राहून द्राविडी आकडे मोजतात आणि त्यांना वाटतं हे खेळातले अर्थ नसलेले शब्द आहेत. मोठ्या माणसांच्या बोलण्यातून जे गेलं, ते पोरांच्या खेळात राहिलं.

आणि काही शब्द दोघींकडे सारखे दिसतात, पण ते दोघींनीही तिसरीकडून आणलेले असतात. शाळा-शाले, पुस्तक-पुस्तक, हे संस्कृतातून आले. अर्ज-अर्जि, जमीन-जमीनु, सरकार-सरकार, हे फारसी-अरबीतून, राजवटींच्या कचेऱ्यांतून आले. शाळेत आणि तलाठ्याकडे गेलं की दोन्ही भाषा जवळच्या वाटतात, आणि चुलीपाशी बसलं की लांब जातात. तिथे पाण्याला नीरु म्हणतात, मिठाला उप्पु, तांदळाला अक्कि, घराला मने, ज्वारीला जोळ.

लिपीचंही सांगून टाकते. कानडी अक्षरं गोल, जिलबीसारखी, म्हणून आपल्याला वाटतं हे काहीतरी अगदीच परकं. पण कानडी लिपी आणि देवनागरी दोन्ही जुन्या ब्राह्मी लिपीतून आल्या आहेत. त्यांची मुळाक्षरंही क, ख, ग, घ याच क्रमाने चालतात. म्हणजे भाषेची माहेरं वेगळी आणि लिपीचं माहेर एक! आपला ‘ळ’सुद्धा कानडीत आहे, तेलुगूत आहे, तमिळमध्ये आहे. हिंदीत शिकणाऱ्यांना मात्र तो उच्चारता येत नाही, ते ‘ल’ म्हणतात.

आता शब्दांपेक्षा खोल काय ते बघू. वाक्याचा साचा.

आपण म्हणतो, “आई घरात भाकरी करते.” आपल्या सीमेवरच्या कानडीत म्हणतील, “अव्व मन्याग रोट्टि माडताळ.” एकेक शब्द खाली खाली ठेवून बघा. आई-अव्व, घरात-मन्याग, भाकरी-रोट्टि, करते-माडताळ. एकही शब्द जागचा हलला नाही. ‘घरात’ मधला ‘त’ जसा शब्दाच्या मागे लागतो, तसाच ‘मन्याग’ मधला ‘आग’ मागे लागतो. क्रियापद दोन्हीकडे शेवटी. आणखी एक घ्या. “भाजी चिरून घेऊन आले.” मिरजेकडच्या मुसलमान बायका म्हणतील, “भाजी काट के लेके आई.” कानडीत, “कायिपल्ले हेच्चि तगोंडु बंदे.” चिरून-काट के-हेच्चि, घेऊन-लेके-तगोंडु, आले-आई-बंदे. शब्द तीन घरचे, पण ओवलेत एकाच दोऱ्यात.

ही गोष्ट जगभरच्या अभ्यासकांना माहीत झाली ती आपल्या शेजारच्या गावामुळे. सांगलीजवळचं कुपवाड. आज ते महापालिकेत आलं आहे. पण साठ वर्षांपूर्वी साधारण तीन हजार वस्तीचं खेडं होतं. तिथे जैन शेतकऱ्यांच्या घरांत कानडी, मुसलमान घरांत उर्दू, काही घरांत मराठी आणि दोरखंड वळणाऱ्यांच्या घरांत तेलुगू बोलली जायची. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोन अमेरिकी अभ्यासकांनी तिथलं बोलणं अभ्यासलं आणि १९७१ साली त्यावर लेख प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं की शेकडो वर्षं एकत्र राहून या भाषांचे साचे इतके जवळ आले आहेत की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द, प्रत्ययाला प्रत्यय ठेवून दुसऱ्या भाषेत करता येतं. पण शब्द मात्र प्रत्येकीने आपापले राखले. म्हणजे गल्लीत, शेतावर, बाजारात सगळ्यांशी जमेल असं बोलायचं, आणि घरात आपली भाषा आपली ठेवायची. भाषा कशा बदलतात हे शिकवताना जगात कुठेकुठे आज कुपवाडचं नाव घेतात. आपल्याला मात्र कुपवाड म्हटलं की एमआयडीसी आठवते.

इथे कुणी विचारेल, बाई, वाक्याचा साचा इतका सारखा, तर मग त्या बहिणीच नव्हेत का? नाही. हे समजायला जरा लांब जाऊ.

अमेरिकेत नवाहो नावाचे आदिवासी लोक आहेत. त्यांची नवाहो भाषा. आणि इकडे जपानची जपानी. या दोन्ही भाषांत क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं. जपानी माणूस म्हणतो, “वाताशि वा मिझु ओ नोमु.” वाताशि म्हणजे मी, मिझु म्हणजे पाणी, नोमु म्हणजे पिते. मी पाणी पिते. नवाहोतही आधी करणारा, मग ज्याला केलं तो आणि शेवटी क्रिया. दोन्ही भाषा वस्तूच्या आकाराकडेही लक्ष देतात. जपानीत मोजताना कागदासारख्या चपट्या वस्तूला वेगळा शब्द लावतात आणि काठीसारख्या लांब वस्तूला वेगळा. आपण नाही का म्हणत, मेथीची जुडी, केळ्यांचा घड, भाकरीची चवड? तसंच काहीसं. नवाहोत तर “दे” म्हणायचं तरी गोल वस्तू दे, लांब वस्तू दे, कापड दे, याला क्रियापदच वेगवेगळं. इतकं सगळं असूनही या दोन भाषा एकमेकींच्या कुणी नाहीत. मध्ये अख्खा प्रशांत महासागर आहे. आकडे जुळत नाहीत, नाक-डोळे जुळत नाहीत. नवाहोच्या बहिणी अलास्का-कॅनडाकडे सापडतात, जपानकडे नाही. जगात कितीतरी भाषांत क्रियापद शेवटी येतं. दोन बायका एकाच पद्धतीचं नऊवारी नेसल्या म्हणून बहिणी होत नाहीत. नेसण्याची रीत सारखी, इतकंच कळतं. नवाहो आणि जपानी तर कधी शेजारणीही नव्हत्या. मराठी-कानडीचं मात्र शेजार खरं आहे, त्याचे पुरावे शब्दांत आहेत आणि दगडांतही आहेत.

पण नवाहोंची गोष्ट इथेच सोडवत नाही. त्यांच्या पोरांना सरकारी निवासी शाळांत घालून इंग्रजीच बोलायला लावायचे, घरची भाषा बोललं की शिक्षा करायचे. मग दुसरं महायुद्ध आलं. अमेरिकेची लढाई जपानशी. अमेरिकेचे निरोप जपानी फोडायचे. तेव्हा १९४२ साली अमेरिकी सैन्याने २९ नवाहो तरुण घेतले आणि त्यांच्याच भाषेतून गुप्त निरोपांची रीत बसवली. रणगाड्याला त्यांनी कासव म्हटलं, हातबॉम्बला बटाटे म्हटलं, पाणबुडीला लोखंडी मासा म्हटलं. पुढे शेकडो नवाहो हे काम करत होते. जपान्यांना हे निरोप शेवटपर्यंत उलगडले नाहीत. ज्या भाषेसाठी शाळेत मार खाल्ला, तीच भाषा लढाईत कामाला आली. आमच्या सुनेला हसलो होतो त्यानंतर मी हे वाचलं, आणि मला मान खाली घालावीशी वाटली.

आता त्या हसण्याकडे येते. “भाकरी झालं.”

मराठीत प्रत्येक वस्तूला आपण तो, ती, ते ठरवून ठेवलं आहे. दगड तो, भिंत ती, दार ते. का? कारण विचारू नका, आईने म्हटलं तसं आपण म्हणतो. भाकरीला बाई कुणी केलं? तवा पुरुष कसा झाला? कानडीत हा प्रकार नाही. तिथे नियम सरळ आहे. पुरुष असेल तर ‘तो’, बाई असेल तर ‘ती’, आणि बाकी सगळं ‘ते’. अण्णा आला तर “अण्ण बंद”, अक्का आली तर “अक्क बंदळु”, आणि गाडी आली तर “गाडि बंतु”. जनावरांचंही तसंच. आपण म्हणतो गाय आली, बैल आला, वासरू आलं. कानडीत “आकळु बंतु, एत्तु बंतु, करु बंतु.” तिन्हीला एकच.

म्हणजे आमची सून मराठी शब्द घेत होती आणि कानडी नियमाने ओवत होती. “रोट्टि आयितु” म्हणून “भाकरी झालं”. “गाडि बंतु” म्हणून “गाडी आलं”. ती नियम मोडत नव्हती, दुसरा नियम पाळत होती. आणि तो नियम आपल्यापेक्षा सोपा आहे हो! कुपवाडच्या मराठीतही निर्जीव वस्तूंच्या बाबतीत हेच वळण त्या अभ्यासकांना आढळलं होतं.

शिवाय आपण तरी हसावं का? कोल्हापूर-बेळगावकडच्या आपण बायका काय म्हणतो? “मी येतो”, “मी जातो”, “मी आलो की”. पुण्याच्या पाहुण्या आपल्याला हसतात. “बाई असून येतो काय?” म्हणतात. कानडीत ‘मी’ बोलताना बाई-पुरुष असा फरकच नसतो. बाईही “होगतेने” आणि पुरुषही “होगतेने”. पुण्याची पाहुणी आपल्याला हसते, आपण चिकोडीच्या सुनेला हसतो. हसणारीला वाटतं, आपण नियम आणि दुसरी ती चूक.

आता जरा हलकं. कानडीत ओळखीचे वाटणारे पण फसवणारे शब्दही आहेत. हत्ति म्हणजे हत्ती नव्हे, कापूस. हत्तीला ते आने म्हणतात. तंगि म्हणजे पैशाची तंगी नव्हे, धाकटी बहीण. माझी एक आत्या पलीकडच्या गावात लग्नाला गेली होती. पंगतीत बसली, पानात वाढलं, आणि यजमानीण हात जोडून म्हणाली, “ऊटा माडरि.” आत्याला वाटलं “ऊठ” म्हणते. ती बिचारी भरल्या पानावरून रागाने उठली! ऊट म्हणजे जेवण. ती बाई म्हणत होती, जेवा हो. पुढे दोन्ही घरांत हे सांगून वर्षानुवर्षं हसले. पण ते हसणं आणि आमचं हसणं यात फरक होता. तिथे दोघी हसत होत्या. आमच्या गटात एक सोडून बाकीच्या हसत होत्या.

हे शेजार किती जुनं? आपल्या शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठी खिद्रापूरचं कोपेश्वराचं देऊळ आहे. गटाच्या सहलीला बऱ्याच जणी जाऊन आल्या असाल. वरचा गोल उघडा स्वर्गमंडप बघितला, हत्ती मोजले, फोटो काढले. पुढच्या वेळी भिंतीवरचे लेखही बघा. तिथले बहुतेक शिलालेख कानडीत आहेत, आणि दक्षिण दारापाशी बाहेरच्या भिंतीवर देवगिरीच्या यादव सिंघणाचा लेख नागरी लिपीत, संस्कृतात आहे. कोल्हापुरावर राज्य करणाऱ्या शिलाहारांचे लेखही संस्कृतात आणि कानडीत मिळतात. आणि उलटं बघायचं तर कर्नाटकात श्रवणबेळगोळला जा. आपल्याकडच्या जैन बायका यात्रेला जातातच. तिथे गोमटेश्वराच्या पायाशी कानडी आणि तमिळच्या जोडीला मराठीतही लेख कोरला आहे, आणि कोरीव मराठीच्या अगदी जुन्या नमुन्यांत तो धरतात. म्हणजे कानडी आपल्या देवळात आहे आणि मराठी त्यांच्या देवाच्या पायाशी आहे. पंढरीच्या विठ्ठलाला तर ज्ञानेश्वरांच्या अभंगातच कानडा म्हटलं आहे.

१ नोव्हेंबर १९५६ ला भाषेवरून राज्यांच्या हद्दी आखल्या गेल्या, त्याचं भांडण अजून मिटलेलं नाही. त्यात आज जात नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंना ज्यांची भाषा कमी लोक बोलतात त्यांना त्रास सोसावा लागतो, हे आपण जाणतो. पलीकडे मराठी पोराला त्याच्या भाषेत शिकायला मिळावं असं आपल्याला वाटतं. मग अलीकडे कानडी बाईला तिच्या भाषेत विचारायची मुभा असावी, हेही वाटायला हवं. त्याच १९५६ साली घटनेत ३५० क हे कलम घातलं गेलं. ज्या मुलांची भाषा राज्यात अल्पसंख्य आहे त्यांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असं ते सांगतं. ते दोन्ही बाजूंना लागू आहे.

पण कायद्याच्या आधी आपल्या ओसरीवर काय करता येईल ते बोलू. आमच्या गटाने चार गोष्टी ठरवल्या, त्या सांगते.

एक, कर्जाचा ठराव वाचून झाला की घेणारीने तो आपल्या शब्दांत परत सांगायचा. किती रक्कम, हप्ता कितीचा, पहिला हप्ता कधी, चुकला तर काय. तिला कानडीत सांगायचं असेल तर कानडीत सांगू दे. आमच्यात दोघी-तिघींना दोन्ही भाषा येतात, त्या मराठीत करतात. हे नंतर आम्ही सगळ्यांसाठीच लावलं, आणि तेव्हा कळलं की मराठीतला ठराव मराठी बायकांनाही पुरता कळत नव्हता!

दोन, बोलताना कुणी अडखळली तर हसायचं नाही आणि लगेच चूक काढायचीही नाही. तिचं वाक्य पुरं होऊ द्यायचं. मग आपण बोलताना तेच नीट म्हणायचं. तिने “गाडी आलं” म्हटलं, तर आपण म्हणायचं, “हो, गाडी आली.” पोरं अशीच शिकतात.

तीन, दवाखान्यात एकटीला पाठवायचं नाही. दुखणं माणूस आपल्या भाषेतच नीट सांगतं. सोबत दोन्ही भाषा येणारी एक बाई जाते.

आणि चार, घरात ज्या आजीला कानडी येतं तिने नातवंडांशी कानडीच बोलावं. माझी आजी कानडी बोलायची. “पोरांची मराठी बिघडेल” म्हणून माझ्या आईला तिने शिकवलं नाही. आईला आलं नाही, म्हणून मला आलं नाही. आज मी एवढं सांगते आहे, पण नीट कानडी बोलता येत नाही. दोन भाषांनी पोरं बिघडत नाहीत. कुपवाडची माणसं तर चार भाषांत व्यवहार करत होती.

एक खेळ सांगते, पुढच्या बैठकीत करून बघा. पोरींना कागद द्या. स्वयंपाकघरातली वीस भांडी-पदार्थ, नात्यातली दहा माणसं आणि अंगाचे दहा अवयव लिहायला लावा. समोर प्रत्येकाचा कानडी शब्द लिहा, हिंदी शब्द लिहा. कुठला कुणाशी जुळतो ते बघा. नाक-कान-दात हिंदीकडे जातील. अक्का-अण्णा-तूप कानडीकडे जातील. मराठीचं माहेर कुठलं आणि शेजार कुठलं, हे पोरींना आपसूक कळेल.

आमच्या सुनेचे हप्ते आता वेळेवर आहेत. दंडाची रक्कम गटाने माफ केली, कारण चूक आमचीही होती. परवाच्या बैठकीत चहा झाल्यावर तिने सगळ्यांना विचारलं, “ऊट आयता?” म्हणजे जेवण झालं का. पहिल्यांदा कुणी कळल्यासारखं केलं नाही. मग आमच्यातली सगळ्यात म्हातारी, जिला आम्ही पक्की मराठी समजत होतो, ती हळूच म्हणाली, “आयतु, तंगि, आयतु.” तिचंही माहेर पलीकडचं. चाळीस वर्षांत तिने गावात कानडी शब्द काढला नव्हता. मग दोघी कितीतरी वेळ बोलत बसल्या, आणि आम्ही ऐकत बसलो.

बरं, येतो मी. पुन्हा भेटू. तोवर नमस्कार, आणि नमस्कारा.